शके चौदाशे चौदा

कासारकाकांना चहा कपातून दिलेला चालत नसे. त्यांना स्टीलचा पेला लागे आणि तोही आधी रिकामा हातात द्यावा लागे. मग ते तो खिडकीकडे धरत, चष्मा कपाळावर सारत आणि पेल्यावर टाकलेलं नाव बघत. नाव कुणाचं आहे यात त्यांना काडीचा रस नव्हता. आमच्या घरातल्या अर्ध्या पेल्यांवर माझ्या नणंदेचं नाव आहे, कारण माझ्या लग्नात तिने पेले मला दिले आणि नाव स्वतःचं टाकून घेतलं. काकांना हवा असे तो नाव टाकणाऱ्याचा हात. "हे शेवगावकराचं काम," ते म्हणत. "ळ ला गाठ मारायची खोड हुती त्याला. मानूस लई रागीट, पन रेघ कशी गेलीय बघा." तोवर पातेल्यातला चहा निवलेला असे. पुन्हा गरम करते म्हटलं की म्हणत, "ऱ्हाऊ द्या बाई, पोटात गेल्यावर सगळा सारखाच."

रघुनाथ कासार त्यांचं नाव. नगरच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी चाळीसेक वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं टाकली. आधी छिन्नी-हातोडीने, मग विजेच्या मशीनने. पुढे मुलाने सावेडीत आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. शहराचं नाव बदललं, पण ते शेवटपर्यंत पत्ता विचारणाऱ्याला "नगर" एवढंच सांगत. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. अजूनही जिन्यात चपलांचा आवाज आला की मी हात पुसून दार उघडायला उठते. मग कुरिअरवाला असतो.

मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. लोकांच्या चुका काढणं हा माझा पगारी उद्योग होता आणि निवृत्तीनंतर तो मी बिनपगारी चालू ठेवला होता. सोसायटीच्या सूचनाफलकावरचं शुद्धलेखन मी लाल पेनाने दुरुस्त करते, त्यामुळे सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. अशा बाईकडे एका रविवारी काका आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली झेरॉक्सची पानं.

"बाई, तुमी इंग्रजीच्या ना? एवढं वाचून दाखवता का? अक्षरं मला येत्यात, शब्द येत न्हाईत."

हे शब्दशः खरं होतं. लग्नाच्या आहेरावर इंग्रजी नावं टाकायची पद्धत आल्यापासून त्यांनी ती सव्वीस अक्षरं हजारो वेळा कोरली होती. प्रत्येकाचं वळण, पोट, कणा त्यांना पाठ होता. पण ती अक्षरं एकत्र येऊन काय बोलतात ते त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे. पानांवर काहीतरी कारखान्यांचे शिक्के असतील असं मला वाटलं. बघते तर तलवारी. युरोपातल्या जुन्या तलवारी आणि त्यांच्या पात्यांवरच्या लोहारांच्या खुणा.

आता नगरच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाचा जर्मनीतल्या लोहारांशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. संबंध होता. आपल्याकडे खंडेनवमीला जुन्या घरांतून ज्या तलवारी पूजेला निघतात, त्यांतल्या कितीतरींची मूठ आपली असते आणि पातं परक्याचं. लांब, सरळ, जहाजातून आलेलं पातं. त्याला इथल्या कारागिराने मूठ बसवली की ती फिरंग. अशा पात्यावर मुठीजवळ हाताच्या नखाएवढी खूण असते. कुठे पळणारा लांडगा, कुठे दाते असलेल्या दोन चंद्रकोरी समोरासमोर, कुठे गोळ्यावर उभा क्रूस, कुठे राजाचं मुंडकं. ती खूण ओळखता आली तर पातं कोणत्या गावचं, साधारण कोणत्या काळातलं ते सांगता येतं. काकांना ते येत होतं आणि ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला एकदा सांगितलं. तरुणपणी दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक तलवार घेऊन आलं. आजोबांचं नाव टाकून हवं होतं. काकांनी पातं मांडीवर घेतलं, छिन्नी लावली आणि त्यांना दिसलं की पात्यावर एक बारीक जनावर आहे, लोखंडात चर पाडून त्यात पितळ ठोकून भरलेलं. त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "ह्याच्यावर आधीच कुनीतरी नाव टाकलंय," ते म्हणाले. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या गाळ्यात गेलं. काकांनी त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

तेव्हापासून ते खुणा गोळा करत होते. शंभर पानी वह्या, आणि त्यांत सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. स्वतः कधी सिगारेट ओढली नाही, पण कोपऱ्यावरचा पानवाला त्यांच्यासाठी तो कागद जपून ठेवी. खुणेवर कागद ठेवायचा, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच घासायचं, की लांडगा कागदावर उठे. खाली गावाचं नाव, मालकाचं नाव, आणि एक प्रश्न: हात कुणाचा? तलवार बघायला जाताना पिशवीत एक भिंग, मऊ फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली. पाहून झालं की पात्याला तेल लावूनच परत द्यायचं. "घाम लई वाईट," ते म्हणत. "शत्रूनं केलं न्हाई तेवढं नुकसान पाहुन्यांच्या हातांनी केलंय."

हल्ली लोक मोबाईलवर फोटो पाठवत. काका ते बघतसुद्धा नसत. "फोटोत ठसा दिसतो, मार दिसत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ठसा मारलेला असेल तर कडेचं लोखंड दबून वर येतं, कोरलेला असेल तर येत नाही. मारलेला खोल असतो, कोरलेला चोख असतो. हे ते अंगठ्याच्या नखाने ठरवत. डोळे मिटून नख खुणेवरून फिरवत, तेव्हा खोलीत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"नकली" हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा सोनईचे एक खतांचे दुकानदार रग्गात गुंडाळलेली तलवार घेऊन आले. इंटरनेटवरून घेतलेली. पात्यावर इंग्रजीत 'सोलिंगेन' असं जर्मनीतल्या तलवारींच्या गावाचं नाव. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ती लावली होती, पाहुण्यांना दाखवून झाली होती, आता फक्त काकांनी हो म्हणायचं बाकी होतं. काकांनी नख फिरवलं, भिंग लावलं, माझ्याकडून बॅटरी मागून घेतली.

"अक्षर सुंदर हाय," ते म्हणाले.

"म्हंजे जर्मनीचंच ना?"

"अक्षर नगरचं हाय. निदान मशीन तरी नगरच्यासारखंच. माझ्याकडं तेच हुतं. एस वळवताना ते थरथरतं, कितीबी दाबून धरा." दुकानदारांचा चेहरा पडला, तेव्हा काकांनी घाईने पुढे जोडलं, "पन शिकलेला मानूस दिसतोय. एकबी अक्षर चुकला न्हाई."

हे सांत्वन घेऊन ते बिचारे गेले. मी म्हटलं, सरळ नकली म्हणून मोकळं व्हायचं. काका म्हणाले, "नकली कसं म्हनू बाई? कुनीतरी मान मोडून केलंय की."

खरं सांगायचं तर अस्सल खुणांपेक्षा त्यांचा जीव नकलांवर होता. जुन्या काळी आपल्या इकडच्या लोहारांनीही परदेशी पात्यांवरच्या खुणा आणि नावं आपल्या पात्यांवर उतरवली होती, तशी पाती चांगली खपत म्हणून. अक्षरं ठाऊक नसलेल्या माणसाने केवळ नजरेने उतरवलेली नावं. त्यात एखादा एन उलटा, एखादा ई तीनऐवजी चार दांड्यांचा. असं पातं हाती आलं की काका लहान मुलासारखे खूश होत. "हा आपला मानूस. ह्याला वाचता येत न्हाई, पन हात बघा." मला वाटतं, तीनचारशे वर्षांपूर्वीचा तो अडाणी लोहार त्यांना जवळचा वाटत असावा. दोघांनाही अक्षरं येत होती आणि शब्द येत नव्हते.

तर असे आमचे रविवार चालले होते. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत असतो. मी त्याला कामाला लावलं. तो तिकडच्या संग्रहालयांच्या याद्यांची पानं पाठवी, मी शब्दकोश घेऊन बसे, काका पेला घेऊन. एका रविवारी जे पान आलं त्यात पळणारा लांडगा होता आणि त्याच्या शेजारी रोमन आकड्यांत नव्हे, आपल्या नेहमीच्या इंग्रजी आकड्यांत १४१४. काका खुर्चीत पुढे सरकले.

मी वाचून अर्थ सांगितला. त्याचा मतलब असा होता की, हा आकडा बऱ्याच पात्यांवर सापडतो, पण ते साल नव्हे. लोहार तो शुभ आकडा म्हणून घालत, किंवा जुन्या पात्यावर पाहिलेला तसाच उतरवत. पाती सतराव्या शतकातली आहेत.

"परत वाचा," काका म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "'नव्हे' हे नक्की लिहिलंय का?"

"काका, 'नॉट' हा शब्द मी आयुष्यभर शिकवलाय."

ते उठले. पेल्यातला चहा तसाच होता. दाराशी जाऊन म्हणाले, "येतो बाई," आणि जिना उतरून गेले. मी पान मिटवून ठेवलं. काय झालं ते मला कळलं नव्हतं, पण माझ्याकडून काहीतरी फुटलं एवढं समजलं होतं.

दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं. पारनेरच्या बाजूला खडकपिंपरी म्हणून गाव आहे. टेकडीवर खंडोबाचं देऊळ, आणि देवळात देवाचा खंडा म्हणून एक लांब तलवार. तिच्या पात्यावर पितळेचा कुत्रा आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, तेव्हा ती देवाची हे गावाला कुणी सांगायची गरज नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी गावाने देवळाचा जीर्णोद्धार काढला आणि तलवार किती जुनी ते सांगायला काकांना बोलावलं. तो कुत्रा खरं तर लांडगा आहे आणि पातं फिरंगी आहे हे काकांनी पाहताच ओळखलं. पण त्याच्या शेजारी आकडा होता, चौदाशे चौदा. इंग्रजी साल धरावं, तर तेव्हा समुद्रावरून फिरंगी इकडे आलेच नव्हते. मग हे साल इथे आल्यावर कुणीतरी घातलेलं असणार, म्हणजे शके. शके चौदाशे चौदात अठ्ठ्याहत्तर मिळवले की जे वर्ष येतं, ते नगर शहर वसण्याच्या अगदी आसपासचं. फिरंगी तेव्हाही पाचसहा वर्षं लांबच होते, पण ते कुणी मोजलं नाही. सगळं गाव अंगणात बसलेलं. काकांनी उभं राहून सांगितलं: शके चौदाशे चौदा. भंडारा उधळला गेला. काकांच्या खांद्यावर शाल आली.

देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवली गेली. 'श्रींचा खंडा. शके १४१४.' आणि खाली, 'वाचन: रघुनाथ कासार, नगर.' तेव्हापासून दर चंपाषष्ठीला गाव त्यांना बोलावणं पाठवी. तेही जात. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची नावं कोरली, त्याचं स्वतःचं नाव साऱ्या जगात तेवढ्या एकाच ठिकाणी कोरलेलं होतं. घरच्या भांड्यांवरही त्यांनी बायकोचं नाव टाकलं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"सांगायला जायला पायजे."

मी त्यांना समजावलं. गावाचं काही अडलेलं नाही, देव काही चिडणार नाही, आणि हे पान जर्मनीतून सावेडीत आलं ते खडकपिंपरीला कधी पोचणार? ते ऐकून घेत राहिले. मी, सूचनाफलकावरची वेलांटी न सोडणारी बाई, त्यांना चूक लपवा म्हणत होते. मला माझीच लाज वाटली आणि मी गाडी काढते म्हणाले.

पण ते लगेच निघाले नाहीत. आठ-दहा दिवस खालच्या बाल्कनीतून टक्‌ टक्‌ टक्‌ येत राहिलं. भांड्यांवर नाव टाकायची छिन्नी वेगळी, दगडाची वेगळी. काका शहाबादी फरशीचे तुकडे पुढ्यात घेऊन पंच्याहत्तरीत दगडावर हात बसवत होते. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

गाडीत काका मागे न बसता पुढे बसले. पिशवी मांडीवर. सुपा गाव मागे पडल्यावर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "बाई, तुमाला एक सांगतो. आकडा आनि लांडगा एकाच हाताचा हाय, हे मला त्याच दिवशी दिसलं हुतं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"एकच छिन्नी. वळनावर तीच उचल. लांडग्याच्या शेपटीला जशी, तशीच चारच्या दांडीला. म्हंजे जो लांडगा घालनारा तोच आकडा घालनारा, आन तो तर तिकडचा. त्याला आपलं शके कुठलं ठावं? आनि इकडच्यानं घातलं असतं तर देवनागरीत न्हाई का घातलं असतं, न्हाईतर मोडीत?" त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "प्रश्न पडला हुता. पन पडलेला प्रश्न मी उचलला न्हाई. समदं गाव बसलेलं. बेरीज नगरशी जुळली. मलाबी बरं वाटलं."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया वाटली. माणूस न कळून चुकतो ते ठीक आहे. याने तीस वर्षं ही गोष्ट स्वतःच्या नखाखाली ठेवली होती.

खडकपिंपरीला देवळाच्या ओट्यावर सोपानआण्णा गुरव वाट बघत होते. ऐंशीच्या पुढचे, देवाची पूजा त्यांच्याकडे. काकांनी फोन केला होता म्हणून तरुण सरपंचही आले होते आणि मेंढरं खाली झुडपात सोडून एक धनगर आजोबा येऊन टेकले होते. काकांनी पाणीसुद्धा न घेता उभ्यानेच सांगितलं. मी चुकलो. ते साल न्हाई. तो लोहाराचा आकडा हाय.

मग आण्णांनी विचारलं, "म्हंजे देवाचा कुत्रा बी न्हाई व्हय?"

"कुत्रा न्हाई आण्णा. लांडगा हाय. ते मी तवाच सांगितलं हुतं, तुमी कुनी मनावर घेतलं न्हाई."

"लांडगा?" धनगर आजोबा ताठ बसले. "देवाच्या हत्याराव लांडगा? आमी देवाला मेंढरं राखाया सांगतो आन…" मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "येतुया का पळतुया?"

आण्णांनी आतून तलवार आणली. काकांनी फडक्यावर घेतली, भिंग लावलं. सगळे वाकले. मीही वाकले. पितळेच्या चारपाच रेघा, त्यात एक लांबट जनावर, तोंड पात्याच्या टोकाकडे.

"टोकाकडं तोंड हाय," काका म्हणाले. "मुठीपासनं लांब चाललाय."

"मग ठीक हाय," आजोबा मागे टेकले. "मूठ देवाच्या हातात. पळतुया त्यो."

लांडग्याचं असं मिटलं. सालाचं मिटेना. सरपंचांनी विचारलं, मग खरी कधीची? काकांनी सांगितलं, सतरावं शतक. सरपंचांचे डोळे चमकले. "म्हणजे महाराजांच्या काळातली! काका, हे तर लई भारी झालं. पाटी बदलूनच टाकू. शिवकालीन खंडा. कमानीवर पण घेऊ."

"काळ तो असंल," काका म्हणाले. "पन पातं तिकडं घडलं कधी आन इथं आलं कधी, ह्यात किती वर्सं गेली ते कुनाला ठावं? महाराजांचं नाव कशावरनं घ्यायचं?"

"कोण विचारायला येतंय?"

"मागल्या वेळीबी कुनी विचारलं न्हाई," काका म्हणाले.

सरपंच हिरमुसले. आण्णा काकांकडे बघत होते. त्यांनी हळूच म्हटलं, "रघुनाथा, मग असं करू. पाटीवरचा त्यो आकडा तेवढा घासून काढ. तुजं नाव ऱ्हाऊ दे. इतक्या सालांचं हाय. डोळ्याला सवय झालीया."

मला वाटलं, काका हो म्हणतील. नाव राहील, चूक जाईल, सगळ्यांचं भलं. त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली, नीट पुसली आणि मान हलवली.

"आकडा काढून चालायचं न्हाई आण्णा. पात्याव तो हायेच. उद्या माझ्यासारखाच कुनी शाना यील, पात्याव चौदाशे चौदा बघंल, बेरीज करंल आन तुमाला पुन्यांदा शके सांगंल. पाटीव चूक दिसली पायजे. दिसली तर तो थांबंल."

मग ते पाटीसमोर मांडी घालून बसले. 'वाचन' या शब्दाच्या आधी जागा थोडी होती. तिथे त्यांनी पेन्सिलीने एक शब्द लिहिला आणि माझ्याकडे वळले. "बाई, शुद्धलेखन बघा. दगड हाय, परत पुसता यायचा न्हाई."

'चुकिचे' असं लिहिलं होतं. आयुष्यात इतक्या चुका काढल्या, पण ही काढायला मी त्यांच्या शेजारी खाली बसले. "कि दीर्घ," मी म्हटलं. त्यांनी थुंकी लावून अंगठ्याने पुसलं, 'की' केलं आणि हातोडी उचलली.

तासभर लागला. मधून मधून ते थांबत, मनगट दाबत, पुन्हा सुरू करत. धनगर आजोबा मेंढरांकडे जाऊन परत आले. सरपंच फोनवर बोलायला गेले होते, तेही येऊन उभे राहिले, आणि एका वळणावर काका डोळे बारीक करून थांबले तेव्हा त्यांनीच पुढे होऊन त्यांच्या तोंडावर पडणारं ऊन अडवलं. शेवटी काकांनी फुंकर घालून भुकटी उडवली. पाटीवर आता असं होतं: श्रींचा खंडा. शके १४१४. आणि खाली, चुकीचे वाचन: रघुनाथ कासार, नगर.

जुनी अक्षरं तीस वर्षांत भरून मळकी झाली होती आणि नवीन शब्द पांढऱ्यावर पांढरा. धड काहीच वाचता येईना. काकांनी चरांत भरायला समईची काजळी मागितली. आण्णा आत गेले आणि काजळीऐवजी देवापुढची भंडाऱ्याची वाटी घेऊन आले. त्यांनी मूठभर हळद घेतली आणि तळहाताने पाटीवर चोळली. साल, नवीन शब्द, काकांचं नाव, सगळ्यावरून. मग धोतराच्या सोग्याने वरची हळद पुसून काढली. चरांतली हळद चरांत राहिली. सगळी अक्षरं पिवळीधमक उठली.

काका उठले. मग पाटीकडे तोंड ठेवून मागे मागे जाऊ लागले, ओट्याच्या कडेपर्यंत, आणि मग देवळाच्या पायऱ्या एकेक करून उलट्या पावली उतरू लागले. मी धावले, म्हटलं पडतील. त्यांनी हात धरू दिला नाही, म्हणून मी त्यांच्या शेजारून पायऱ्या उतरू लागले.

"हितनं दिसतंय का बाई?"

"दिसतंय काका."

आणखी एक पायरी. "हितनं?"

"दिसतंय."

अगदी खालच्या पायरीवर ते थांबले, कपाळावर हात आडवा धरला आणि वर बघत, हळूहळू, एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचलं. चुकीचे वाचन. रघुनाथ कासार. नगर. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि वरच्या माणसांना ओरडून सांगितलं, "आता बरोबर हाय."